‘डायबेटोलोजिया’चा सप्टेंबर २००९ चा अंक : संपादनाची एक कसोटी

मराठीत संपादकाच्या कर्तृत्वाची जी चर्चा झाली ती मुख्यत्वेकरून वाङ्मयीन नियतकालिकांच्या निमित्ताने झाली. ‘सत्यकथे’च्या संपादकांनी लेखकांना पाठविलेली पत्रे, हस्तलिखितांवर केलेले संस्कार, साभार परत गेलेल्या कथा ह्यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे, आणि संपादक हा केवळ मजकुराचा हमाल नसून एका अर्थी अभिरुचीचा कर्ता असतो, हे मत आता बहुधा कोणी नाकारणार नाही. शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादनाकडे मात्र ह्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. तेथे संपादक म्हणजे आलेला निबंध तज्ज्ञांकडे धाडणारा आणि तज्ज्ञांचा अभिप्राय लेखकाकडे पोहोचविणारा एक कारकून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर मधुमेहविषयक संशोधनाला वाहिलेल्या ‘डायबेटोलोजिया’ ह्या युरोपीय नियतकालिकाचा सप्टेंबर २००९ चा अंक समोर घ्यावा. त्यातील चार शोधनिबंध आणि त्यांना जोडलेला एक संपादकीय लेख सलग वाचले म्हणजे संपादन हीसुद्धा एक रचना असते आणि त्या रचनेचे गुणदोष साहित्यकृतीच्या गुणदोषांइतक्याच काटेकोरपणे तपासता येतात, असे दिसून येते.

वाङ्मयीन संपादकाचा निर्णय चुकला तर एखादा चांगला लेखक काही वर्षे उपेक्षित राहतो. वैद्यकीय संपादकाची चूक रोग्यापर्यंत पोहोचते. त्यातही मधुमेहाची गोष्ट वेगळी आहे. इतर बऱ्याच रोगांत उपचार करणारा एक आणि करून घेणारा दुसरा असतो. मधुमेहात इन्सुलिनची कुपी रोग्याच्या घरच्या फ्रिजमध्ये असते आणि आज किती मात्रा घ्यावयाची, किंबहुना घ्यावयाची की नाही, हे सकाळ-संध्याकाळ तो स्वतःच ठरवीत असतो. ज्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन निर्माणच होत नाही अशांनी भीतीपोटी ते थांबविले तर काही दिवसांतच प्राणावर बेतते. म्हणून मधुमेहविषयक नियतकालिकाचा वाचक कोण, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. अंकाची वर्गणी संशोधक भरतो. पण अंकातल्या वाक्याचा परिणाम भोगणारा माणूस तो अंक कधी पाहतही नाही.

हे वैशिष्ट्य ओळखणाऱ्या पहिल्या मंडळींत लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स ह्यांचे नाव घेतले पाहिजे. ते स्वतः मधुमेही होते, आणि १९२३ साली इन्सुलिन हाती आले म्हणूनच वाचले होते. कादंबरीकार एच. जी. वेल्स हेही मधुमेही. ह्या दोघांच्या पुढाकाराने १९३४ साली ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना निघाली आणि १९३५ पासून ‘डायबेटिक जर्नल’ हे तिचे मुखपत्र निघू लागले. रोग्याला आपल्या रोगाचे ज्ञान असलेच पाहिजे, नाही तर इन्सुलिनचा उपयोग नाही, ही लॉरेन्स ह्यांची धारणा त्यामागे होती. पुढे संशोधनाचा व्याप वाढला तसे दोन प्रकारच्या वाचकांसाठी दोन प्रकारची नियतकालिके निघाली. अमेरिकेत रोग्यांसाठी १९४८ साली ‘फोरकास्ट’ आणि संशोधकांसाठी १९५२ साली ‘डायबेटीस’ सुरू झाले. युरोपीय मधुमेह-अभ्यास संघटनेचे ‘डायबेटोलोजिया’ १९६५ चे. ते आरंभापासूनच संशोधकांचे. अशा रीतीने संशोधन एका दालनात आणि रोग्याचे हित दुसऱ्या दालनात, अशी सोयीची वाटणी झाली. दोहोंमधली भिंत पातळ आहे ह्याची जाणीव मात्र प्रसंग आल्याखेरीज कोणाला झाली नाही.

पहिला मोठा प्रसंग १९७० चा. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या रुग्णालयांनी मिळून १९६१ साली एक दीर्घ चाचणी सुरू केली होती. रक्तातील साखर औषधाने खाली ठेवली असता रक्तवाहिन्यांचे विकार टळतात काय, असा तिचा प्रश्न होता. उत्तर भलतेच आले. टोल्ब्युटामाइड ही त्या काळी सर्रास दिली जाणारी गोळी घेणाऱ्या २०४ जणांपैकी २६ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावले होते, तर नुसती निरौषधी गोळी घेणाऱ्या २०५ जणांपैकी १०. हा निष्कर्ष जून १९७० मध्ये संघटनेच्या अधिवेशनात सांगितला जावयाचा होता. पण मे महिन्यातच तो वर्तमानपत्रांत फुटला. सविस्तर निबंध ‘डायबेटीस’च्या पुरवणीत छापून येईपर्यंत त्या वर्षाचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या काळात रोगी हातात वर्तमानपत्र घेऊन दवाखान्यात येत होता आणि डॉक्टरजवळ दाखवावयास आकडे नव्हते. ज्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे ती गोळी लिहून दिली होती त्यांच्यापैकी काहींनी विरोधाची समिती काढली. कच्च्या नोंदी मिळविण्यासाठी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे १९८० साली निकाल लागला. गोळीच्या वेष्टनावर इशारा छापला जाण्यास १९८४ साल उजाडले. चाचणीतील उणिवांची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. संपादनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, १९७० साली नियतकालिक घटनेच्या मागून धावत होते. कोणी काय, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या शेजारी वाचावे, हे ठरविण्याची संधीच त्याला मिळाली नाही. २००९ साली ‘डायबेटोलोजिया’च्या संपादकांना ती मिळाली. ह्या संधीचे त्यांनी काय केले, हाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

प्रकरण ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनचे होते. मानवी इन्सुलिनच्या रेणूत थोडा फेरफार करून तयार केलेले, शरीरात संथपणे झिरपणारे हे औषध २००० सालापासून वापरात आले आणि लवकरच जगभर पसरले. इन्सुलिन हे केवळ साखर उतरविणारे द्रव्य नव्हे. पेशींच्या वाढीलाही ते चालना देते. ह्याच वर्गातील आणखी एक फेरफार केलेले इन्सुलिन उंदरांच्या स्तनग्रंथीत गाठी उत्पन्न करते असे आढळल्यामुळे पूर्वीच सोडून द्यावे लागले होते; आणि प्रयोगशाळेत ग्लार्जिन हे वाढीशी संबंधित अशा एका ग्राहीला मानवी इन्सुलिनपेक्षा अधिक घट्ट चिकटते, हेही माहीत होते. म्हणजे संशय अगदीच निराधार नव्हता. अशा स्थितीत, २००८ साली, जर्मनीतील आरोग्यविम्याच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध ‘डायबेटोलोजिया’कडे आला. त्यात १,२७,०३१ इन्सुलिन घेणाऱ्यांच्या नोंदी होत्या, आणि ग्लार्जिनच्या मात्रेबरोबर कर्करोगाचे प्रमाण वाढत जाते असा निष्कर्ष होता.

मुख्य संपादक एडविन गेल ह्यांच्यापुढे दोन मार्ग होते आणि दोन्ही वाईट होते. निबंध लगेच छापला आणि तो चुकीचा ठरला, तर लक्षावधी लोकांच्या मनात इन्सुलिनविषयी भीती बसेल. निबंध अडकवून ठेवला आणि तो बरोबर ठरला, तर अडकवून ठेवलेल्या प्रत्येक महिन्यात लोक तेच औषध टोचून घेत राहतील. तिसरा मार्ग काढण्यात आला: हाच प्रश्न इतर देशांतील नोंदींना विचारावयाचा आणि सर्व उत्तरे एकदम छापावयाची. स्वीडन आणि स्कॉटलंड येथील राष्ट्रीय नोंदी तपासल्या गेल्या. ब्रिटनमधील सामान्य चिकित्सकांच्या नोंदींवरील चौथा निबंध मिळाला. २६ जून २००९ रोजी चारही निबंध संपादकीय लेखासह प्रथम संगणकजालावर प्रसिद्ध झाले आणि मग सप्टेंबरच्या अंकात एकापाठोपाठ छापले गेले.

आलेला मजकूर छापावा की परत करावा, ह्यापलीकडे जाऊन संपादकाने येथे नवा मजकूर निर्माण करविला. शास्त्रीय संपादनात हे विरळा घडते. वाङ्मयीन संपादक लेखकाकडून कथा पुन्हा लिहून घेतो. ह्या संपादकाने वास्तवाकडून उत्तर पुन्हा मागितले, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल. चार निबंध एकत्र छापण्याचा लाभ उघड आहे. जर्मन निबंध एकटा आला असता तर तो निकाल ठरला असता. तिघांच्या शेजारी तो साक्ष ठरला. स्वीडनच्या १,१४,८४१ जणांच्या नोंदींत एकंदर कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय वाढलेले नव्हते. पण केवळ ग्लार्जिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण १.९९ पट दिसले. स्कॉटलंडमध्ये ग्लार्जिन घेणारे सगळे एकत्र धरले तर फरक जवळजवळ शून्य. फक्त ग्लार्जिन, दुसरे कोणतेही इन्सुलिन नाही, अशा लहान गटात मात्र प्रमाण १.५५ पट. ब्रिटनच्या ६२,८०९ जणांत ग्लार्जिनचा दोष दिसला नाही. उलट मेटफॉर्मिन ह्या जुन्या, स्वस्त गोळीवर असणाऱ्यांत कर्करोग कमी आढळला. एकमेकांशी पूर्णतः न जुळणाऱ्या ह्या चार उत्तरांतून कोणताही प्रामाणिक वाचक ‘अजून ठरलेले नाही’ एवढेच म्हणू शकतो, आणि संपादकांना तेच सुचवावयाचे होते. निष्कर्षाची अनिश्चितता शब्दांनी सांगण्याऐवजी ती मांडणीतूनच प्रतीत करून देणे, ही ह्या अंकाची खरी किमया होय.

तथापि एकत्र छापलेल्या साक्षी स्वतंत्र असतातच असे नाही, आणि ह्या रचनेचा पहिला दोष येथे आहे. चारही निबंध नोंदवह्यांवर आधारलेले होते. नोंदवहीत एखाद्याला ग्लार्जिन मिळाले हे दिसते. पण ते त्यालाच का मिळाले हे दिसत नाही. वयोवृद्ध, इतर व्याधींनी ग्रासलेल्या रोग्याला दिवसातून एकदाच टोचावयाचे सोपे इन्सुलिन देण्याकडे डॉक्टरचा कल असणे स्वाभाविक आहे. आणि अशा रोग्याला कर्करोग होण्याचा संभवही मुळातच अधिक असतो. स्कॉटलंडच्या लेखकांनी आपल्या लहान गटातील फरकाचे कारण ह्याच प्रकारचे असावे असे मोकळेपणाने म्हटले आहे. दोष पद्धतीतला असेल तर तोच प्रश्न चार देशांत विचारल्याने तो नाहीसा होत नाही; चारपट दृढ मात्र होऊ शकतो. पुनरावृत्ती आणि पडताळा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरा पडताळा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीतूनच मिळाला असता. तशी १,०१७ जणांची, पाच वर्षे चाललेली एक चाचणी डोळ्यांच्या विकारासंबंधाने आधीच पुरी झालेली होती, आणि तिच्यातील कर्करोगाचे आकडे ह्याच नियतकालिकात, २००९ सालीच, थोड्या अवकाशाने आले. दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. हे लहानसे टिपण जूनमध्येच त्या चार निबंधांच्या शेजारी आले असते तर रचनेचा तोल निराळा झाला असता. ते आकडे औषध बनविणाऱ्या कंपनीच्या हाती होते आणि संपादकाला ते मागता आले असते की नाही ह्याविषयी दोन मते संभवतात. पण ज्याने दोन राष्ट्रांच्या नोंदवह्या उघडविल्या त्याच्याकडून ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

दुसरा दोष भाषेचा आहे आणि तो जर्मन निबंधाच्या गोषवाऱ्यात सापडतो. शोधनिबंधाचा गोषवारा हा सामान्यतः दुय्यम भाग समजला जातो. वस्तुतः हजारांत नऊशे वाचक तेवढाच वाचतात आणि वार्ताहर तर तेवढाच वाचतो, हे कोणाही अनुभवी संपादकास ठाऊक असते. आता ह्या गोषवाऱ्याची घडण पाहावी. मात्रेचा विचार बाजूस ठेवून नुसती मोजणी केली असता ग्लार्जिन घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण मानवी इन्सुलिन घेणाऱ्यांपेक्षा अधिक नव्हे तर किंचित कमीच होते. कोणतेही इन्सुलिन असो, मात्रा जास्त तेथे कर्करोग जास्त, असा संबंध दिसत होता. आणि ग्लार्जिन घेणारे सरासरीने कमी मात्रा घेत होते. म्हणून गणिताने मात्रा सारखी करून घेतली, आणि मग चित्र पालटले: रोज १० एककांना १.०९ पट, ३० एककांना १.१९ पट, ५० एककांना १.३१ पट. निष्कर्षाचे वाक्य, अर्थाने सांगावयाचे तर, असे की मात्रा लक्षात घेता ग्लार्जिनबरोबर आढळलेले कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आहे.

ह्या वाक्यातला सगळा भार ‘अपेक्षा’ ह्या एका शब्दावर आहे. ही अपेक्षा कोणाची? ती गणिताच्या एका आकृतिबंधातून निघालेली अपेक्षा आहे, आणि तो आकृतिबंध मान्य केला तरच ती खरी. रोग्यांचे वजन विम्याच्या नोंदीत नव्हते. स्थूल माणसाला मात्रा अधिक लागते आणि स्थूलतेचा काही कर्करोगांशी स्वतंत्र संबंध आहे. तेव्हा मात्रा सारखी केली म्हणजे माणसेही सारखी झाली असे होत नाही. शिवाय ही मात्रा उपचार सुरू झाल्यानंतरच्या काळातील सरासरीवरून काढलेली, म्हणजे परिणामाच्या वाटेवर असताना घेतलेले माप. पाठपुरावा सरासरीने पावणेदोन वर्षांहूनही कमी. एवढ्या अवधीत एखादे औषध नवा कर्करोग उत्पन्न करील हे मानणे कठीण आहे, फार तर असलेल्याला चालना देईल. हे सारे मुद्दे निबंधात आणि संपादकीय चर्चेत शोधणाऱ्यास सापडतात. पण ‘अपेक्षेपेक्षा’ हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात टिकणारा नव्हे. तो गळतो आणि ‘अधिक’ एवढेच उरते. गोषवाऱ्यातले हे वाक्य साध्या मोजणीला प्रथम स्थान देऊन आणि गणिती दुरुस्तीला ‘असे मानल्यास’ ही अट जोडून लिहविणे संपादकाच्या अधिकारातले होते. ज्याने निबंधासाठी इतके महिने थांबण्याचा संयम दाखविला त्याने त्यातील एका वाक्यावर आणखी एक दिवस खर्च करावयास हवा होता, असे वाटल्याखेरीज राहत नाही.

शीर्षकांकडे पाहिले तर उलटा अनुभव येतो. चारही निबंधांची शीर्षके निर्विकार आहेत. कोणतेही घबराट उत्पन्न करीत नाही. संपादकीय लेखाने तर एक पाऊल पुढे टाकले आहे. मधुमेहाच्या उपचाराचा कर्करोगाच्या संभवावर परिणाम होतो काय, असा प्रश्न त्याने शीर्षकातच विचारला आहे. प्रश्न ग्लार्जिनपुरता न ठेवता सबंध उपचारपद्धतीला लावण्यात मोठा विवेक आहे. एका कंपनीचे एक औषध आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याऐवजी, साखर, स्थूलता, इन्सुलिन व पेशींची वाढ ह्यांच्या गुंतागुंतीकडे लक्ष वेधण्याचा तो प्रयत्न आहे, आणि मेटफॉर्मिनविषयीचा आशादायक धागाही त्यामुळे त्याच चर्चेत विणला जातो. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ‘लॅन्सेट’मध्ये पोकॉक आणि स्मीथ ह्यांनी ह्या सर्व प्रकरणाला अनाठायी घबराट ठरविणारा लेख लिहिला. संख्याशास्त्राच्या बाजूने त्यांचे आक्षेप बिनतोड आहेत. मात्र घबराटीचा दोष सरसकट अंकाच्या माथी मारताना, त्याच अंकाने जर्मन निबंधाच्या शेजारी त्याला काटशह देणारे निबंध बसविले होते, ह्याचे श्रेय दिले जावयास हवे.

संपादकीय लेखावरच्या दोन सह्या हा आणखी एक विचारणीय मुद्दा आहे. एक सही मुख्य संपादकाची. दुसरी उल्फ स्मिथ ह्यांची, म्हणजे ज्या संघटनेचे हे मुखपत्र तिच्या अध्यक्षांची. त्याच दिवशी संघटनेनेही निवेदन काढून अधिक संशोधनाची तातडीची गरज प्रतिपादिली, आणि रोग्यांनी आपापले इन्सुलिन परस्पर थांबवू नये असा सल्लाही सर्वत्र देण्यात आला. संकटकाळी संस्थेची आणि संपादकाची वाणी एक असावी ह्यात सोय आहे, आणि रोग्याच्या दृष्टीने कदाचित दिलासाही आहे. परंतु संपादकाचे बळ त्याच्या वेगळेपणात असते. चार निबंध छापणारा तो, त्यांचा अर्थ लावणारा तो, आणि संस्थेबरोबर जाहीर कृतीची हाक देणाराही तोच, अशी स्थिती झाली म्हणजे शंका घेणाऱ्या वाचकाने कोणाकडे पाहावे? अर्थ लावण्याचे काम अंकाबाहेरच्या एखाद्या संख्याशास्त्रज्ञाकडे सोपविले असते तर ‘लॅन्सेट’मधले आक्षेप कदाचित ‘डायबेटोलोजिया’तच, त्याच दिवशी, वाचावयास मिळाले असते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. जुलै २००९ मध्ये युरोपीय औषध-नियामक संस्थेने उपलब्ध पुराव्यावरून संबंध आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षाअखेर कंपनीजवळील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘डायबेटोलोजिया’तच छापून आला, त्यातही वाढ दिसली नाही. २०१२ साली १२,५३७ जणांवरील, मध्यमानाने सहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘ओरिजिन’ ह्या चाचणीचा निकाल लागला. ग्लार्जिन घेणारे व न घेणारे ह्यांच्यातील कर्करोगाचे गुणोत्तर नेमके १.०० आले. २०१३ साली युरोपीय नियामकांनी वाढीव संभव नसल्याचे जाहीर केले. ‘ओरिजिन’चा खर्च ग्लार्जिन बनविणाऱ्या कंपनीनेच केला होता, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. आरोपीच्या खर्चाने चाललेली चौकशी म्हणून तिच्याकडे संशयाने पाहणारे होते व आहेत; पण एवढ्या प्रमाणावर चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याइतके द्रव्य दुसरे कोण घालणार, ह्याचे उत्तर वैद्यकशास्त्राने अजून दिलेले नाही, आणि नियतकालिकाच्या संपादकाच्या हाती तर ते मुळीच नाही.

ह्या निकालावरून मागे वळून ‘२००९ चा अंक छापावयासच नको होता’ असे म्हणणे सोपे आहे. ते योग्य मात्र नाही. संपादकाचा निर्णय त्याच्यापुढे त्या दिवशी असलेल्या पुराव्यावर तोलला पाहिजे. त्या दिवशी एक सकृद्दर्शनी गंभीर निष्कर्ष होता, त्याला प्रयोगशाळेतील कारणमीमांसेचा आधार होता, आणि १९७० ची आठवण होती. निबंध दडपला गेला असता आणि मग बाहेर फुटला असता तर रोग्याचा विश्वास औषधावरूनच नव्हे, नियतकालिकावरूनही उडाला असता. थांबणे योग्य होते, एकत्र छापणे योग्य होते. गोषवारा तसाच सोडणे आणि अर्थ लावण्याचे काम आपल्याकडेच ठेवणे चुकले. एकाच अंकात दोन्ही गोष्टी आहेत, म्हणूनच तो अभ्यासनीय आहे.

ह्या प्रकरणानंतरच्या काळात मधुमेहविषयक नियतकालिकांत भाषेविषयीची जागरूकता वाढलेली दिसते. ‘डायबेटोलोजिया’त आता शोधनिबंधासोबत एक छोटी चौकट असते, आधी काय माहीत होते, नवे काय कळले आणि उपचारात त्याने काय फरक पडेल, एवढेच तीत सांगावयाचे असते. २०१७ साली अमेरिकेतील दोन संघटनांनी मधुमेहाविषयी लिहिताना वापरावयाच्या शब्दांसंबंधी एक निवेदन प्रसिद्ध केले. रोग्याला त्याच्या रोगाच्या नावाने संबोधू नये, तो ‘आज्ञा पाळीत नाही’ अशा अर्थाचे शब्द टाळावेत, दोष देणारी भाषा वापरू नये, असा त्याचा रोख आहे. काहींना हा निव्वळ शिष्टाचार वाटतो. परंतु ज्या रोगात रोगी हाच अर्धा डॉक्टर, त्यात त्याला अपराधी ठरविणारा शब्द उपचारातही बाधा आणतो, ही लॉरेन्स ह्यांची जुनी दृष्टी त्यात पुन्हा डोकावते.

मराठीत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे ‘पथ्य’ हा शब्द आहे आणि ते ‘पाळले’ किंवा ‘मोडले’ जाते, म्हणजे व्रतासारखेच. साखर वाढलेला रोगी मराठीत आपोआप व्रतभंगाचा धनी होतो. संख्याशास्त्रातील संभवाची कल्पना मांडावयाची झाली की वर्तमानपत्री मराठी ‘धोका’ हा शब्द पुढे करते. १.०९ पट संभव आणि रस्त्यावरच्या उघड्या विजेच्या तारेचा संभव, दोन्ही ‘धोका’च. ‘जोखीम’ हा व्यापारी पेढीवरचा शब्द त्या मानाने अधिक उपयोगी आहे, कारण जोखमीचा माल टाकून द्यावयाचा नसतो. तो सांभाळून न्यावयाचा असतो, आणि नेण्यात लाभही असतो. इन्सुलिनची गोष्ट नेमकी तीच आहे. ग्लार्जिनविषयीचा एखादा गोषवारा मराठीत आणणाऱ्याने ह्या दोन शब्दांतून कोणता निवडला, एवढ्यावरून वाचणारा कुपी फ्रिजमध्ये परत ठेवील की बाहेर फेकील हे ठरू शकते.

ग्रंथालयात २००९ चा बांधीव खंड आजही जसाच्या तसा आहे. जर्मन निबंध मागे घेण्यात आलेला नाही आणि तसे करण्याचे कारणही नव्हते. त्यातील मोजणी प्रामाणिक होती. मात्र तो खंड उघडणाऱ्या विद्यार्थ्याला १.३१ हा आकडा मिळतो आणि १.०० हा आकडा मिळत नाही. तो तीन वर्षांनंतरच्या, दुसऱ्याच नियतकालिकाच्या खंडात आहे.